एकसारखा आवाज

माझ्या मावशीचा आवाज आमच्या शहरात सगळ्यांना ठाऊक होता, चेहरा जवळपास कोणालाच नाही. ती बसस्थानकात घोषणा द्यायची. फलाटांच्या वर काचेची एक खोली होती. खोलीत एक माईक, एक कुरकुरणारा पंखा आणि उशी बांधलेली लाकडी खुर्ची. ‘फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात.’ हे तिनं तरुणपणापासून केस पिकेपर्यंत म्हटलं. भाजीवाल्यापाशी तिनं “टोमॅटो कसे दिले?” विचारलं की शेजारचं गिऱ्हाईक ओळखीचं कोणी भेटल्यासारखं हसत वळायचं आणि चेहरा अनोळखी दिसला की ओशाळायचं. मावशीला याची भारी गंमत वाटायची.

“मी म्हटलं की अख्खं स्टँड जागचं हलतं,” ती म्हणायची. “घरात एक माणूस तेवढा हलत नाही.”

तो एक माणूस म्हणजे तिचा नवरा, आमचे काका. परिवहन खात्याच्या कार्यशाळेत ते कर्णे, माईक, अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करायचे. लग्नाआधी एकदा ते स्थानकात शिडीवर चढून फाटलेला कर्णा बदलत होते. नवा कर्णा जोडला आणि त्यातून पहिल्यांदा मावशी बोलली. शिडीवरून उतरायच्या आत माझं ठरलं होतं, असं ते सांगायचे. हे सांगताना ते दर वेळी मावशीकडे बघायचे आणि मावशी दर वेळी म्हणायची, “यांनी लग्न आवाजाशी केलं. मी सामानाबरोबर आले.”

सगळे हसायचे. तीही हसायची.

काकांना एकच नाद होता, हेडफोनच्या अ‍ॅम्प्लिफायरचा. जेवणाच्या डब्याएवढी लोखंडी पेटी आणि तिच्या माथ्यावर अंगठ्याएवढ्या दोन काचेच्या ट्यूबा. जुन्या रेडिओत असायच्या तशाच, ज्यांना तेव्हा लोक व्हॉल्व्ह म्हणायचे. पेटी चालू केली की काचेच्या आत तांबूस उजेड येतो, ट्यूब थोडी तापू द्यायची आणि मग ऐकायचं. खरी गोडी पुढे आहे. या ट्यूबा खोबणीतून उपसून त्यांच्या जागी दुसऱ्या बसवता येतात. प्रत्येक कारखान्याच्या, प्रत्येक काळातल्या ट्यूबेचा आवाज निराळा. एखादी कोरडी, एखादी भरदार, एखादी बोचरी. निदान या नादातली माणसं तसं मानतात. मी इस्पितळात यंत्रं दुरुस्त करते, मोजमापं घेणं हा माझा रोजचा धंदा आहे. काकांच्या काही ट्यूबा मी एकदा हौसेनं मोजून पाहिल्या होत्या. फरक असतो. पण थोडा असतो. बाकीचा, ऐकणाऱ्याला हवा असतो म्हणून ऐकू येतो.

काका ट्यूब गार झाल्याशिवाय कधी उपसायचे नाहीत. फडक्यात धरून, सरळ वर, अगदी हलक्या हातानं. तिच्या बुडाचा एखादा तारेचा पाय वाकडा झाला तर संपलं. नवी बसवायच्या आधी तिचे पाय एकेक करून पुसायचे. मावशी म्हणायची, “या घरात कोणाचे पाय कधी कोणी चेपले असतील तर ते या काचेच्या बायांचे.”

आता या गोष्टीतली मुख्य गोम. ट्यूब चांगली की वाईट हे बहुतेक लोक गाणं लावून ठरवतात. काकांना ते मान्य नव्हतं. गाणं कोणीतरी, कुठल्यातरी यंत्रावर मुद्रित केलेलं असतं, त्यात कोणाचे काय दोष शिरलेत तुम्हाला काय माहीत? खरी परीक्षा जिवंत आवाजाची. आणि जिवंत आवाज असा हवा की जो आज, उद्या, पुढच्या वर्षी तस्साच येईल. तसा आवाज त्यांच्या घरातच होता. एकच वाक्य हजार वेळा एकाच पट्टीत, एकाच वजनानं म्हणणं हीच तर मावशीची नोकरी होती.

म्हणून रविवारी सकाळी स्वयंपाकघरात टेबलावर माईक लागायचा. त्याची वायर दाराखालून मागच्या अडगळीच्या खोलीत. तिथं काका दार लावून, कानांवर जाड हेडफोन चढवून बसलेले. ऐकता ऐकता ते सगळं ध्वनिमुद्रित करून तारीखवार ठेवायचे.

“हं, चार!” आतून ओरडा यायचा.

मावशी शेंगा सोलता सोलता म्हणायची, “फलाट क्रमांक चारवर लागलेली गाडी सुटण्याच्या तयारीत आहे.”

“परत!”

“अहो, ती गाडी पोचून परत यायला निघालीसुद्धा.”

“अगं, गंमत नको, परत म्हण. आता दुसरी जोडी लावतोय.”

काकांचा एकच मित्र होता, दातांचे डॉक्टर. आम्ही त्यांना दातवाले म्हणायचो. त्यांनाही हाच नाद. दोघं एकमेकांच्या ट्यूबा उसन्या न्यायचे, आणि दातवाले काकांना कानसेन म्हणायचे. चहाचे कप घेऊन मावशी खोलीत गेली की दोघंही डोळे मिटून बसलेले. कप ठेवून ती बाहेर यायची. निवलेला चहा तसाच परत यायचा.

एका थंडीत मावशीचा आवाज बसला. थोडासाच. ‘प्रवाशांनी’ म्हणताना शेवटी एक खरखर. तिला वाटलं, फलाटावरचा धूर. गरम पाणी झालं, मध झाला, गुळण्या झाल्या. खरखर गेली नाही.

काकांनी ती ऐकली. हे मी मुद्दाम सांगते, कारण नंतर नातेवाइकांत सगळे म्हणाले की त्यांचं बायकोकडे लक्षच नव्हतं. ते खरं नाही. सगळ्यात आधी त्यांनीच ऐकली. मावशीच्याही आधी. एका रविवारी ते हेडफोन गळ्यात घेऊन स्वयंपाकघरात आले आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, “जोडी गेली वाटतं. वरच्या पट्टीत खरखरतेय.”

मोजपट्टीवर कोणी शंका घेत नाही. दोन वेळा मापात फरक आला तर आपण म्हणतो, लाकूड फुगलं. काकांची मोजपट्टी मावशी होती. तेव्हा बिघडली असणार ती ट्यूब.

त्यांनी जोडी बदलली. खरखर राहिली. दुसरी बदलली. मग त्यांना संशय आला की अलीकडे घेतलेल्या सगळ्याच ट्यूबा बनावट आहेत, काचेवरची कारखान्याच्या नावाची जुनी छपाई पुसून नवी मारलेली. मग त्यांनी खोबण्या साफ केल्या. माईक बदलला. वायर बदलली. थंडी संपली, उन्हं तापू लागली, आणि दर रविवारी मावशी माईकसमोर बसून चारची गाडी सोडत राहिली. दर वेळी थोडी जास्त घोगरी.

एका रविवारी मी तिथंच होते. दातवाल्यांनी स्वयंपाकघरात तिचं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, “वहिनी, घसा बसलाय का?”

काका आतून म्हणाले, “घसा नाही हो, ट्यूब बसलीय. या, तुम्हीच ऐका.”

दातवाले हसले आणि आत गेले. रोज लोकांना ‘आ करा’ म्हणणारा माणूस. त्यानं तिला आ करायला सांगितलं नाही.

मी मात्र मावशीला बाजूला घेतलं. “गिळताना दुखतं?”

“जरा अडकतं. वय झालं गं.”

“उद्या माझ्याबरोबर इस्पितळात चल. घशाच्या डॉक्टरीणबाई ओळखीच्या आहेत, मी वेळ घेते.”

तिनं हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाली, “घे. मलाही काही बरं वाटत नाहीये. यांना सांगू नको, उगाच म्हणतील माईकचा दोष.”

वेळ घेऊन झाली. तेवढ्यात आतून एकदम आरोळी आली, “सापडली! अगं ए, सापडली! इकडे ये!”

दातवाल्यांनी खिशातून कापसात गुंडाळून एक जोडी आणली होती. फार जुनी, कुठल्या तरी लष्करी यंत्रातून काढलेली. काकांनी मघाचंच मुद्रण त्या जोडीवर लावलं होतं. त्यांनी मावशीला आपल्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर तिला बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. तिच्या कानांवर हेडफोन चढवले, बट नीट मागे सारली, आणि बटण दाबलं.

मावशीचा चेहरा मला आजही दिसतो. आधी ती सावध होती. मग तिचे खांदे खाली आले. मग डोळे भरले.

“अय्या,” ती म्हणाली. “मीच आहे की ही.”

“मग!” काका म्हणाले. “मी काय म्हणत होतो? तुला काही झालेलं नाही. सगळा दोष त्या नालायक काचांचा.”

नंतर मी तीही जोडी मोजली. ती वरच्या पट्टीतला आवाज जरा झाकायची, एवढंच. खरखर नेमकी तिथंच राहते. तिच्यावर मऊ पांघरूण पडलं आणि खालचा जुना, भरदार आवाज तेवढा वर आला. रोग जिथल्या तिथे होता, फक्त ऐकू येत नव्हता.

संध्याकाळी मावशीचा मला फोन आला. “राहू दे गं उद्याचं. मी ऐकलं ना स्वतः. उगाच डॉक्टरांच्या दारात कशाला?”

मी वाद घातला, आईनं घातला. पण आमच्याकडे नुसती शंका होती आणि काकांकडे पुरावा होता. पावसाळा उलटून गेला तेव्हा कुठं ती आली. तेही स्थानकातल्या साहेबांनी पाठवलं म्हणून, कारण कर्ण्यातून काय बोलतात ते कळत नाही अशी तक्रार प्रवाशांनी केली होती.

डॉक्टरीणबाईंनी नळी घालून पाहिलं, तुकडा तपासायला पाठवला. निकाल आला त्या दिवशी काका आणि मीही सोबत होतो.

“त्रास कधीपासून आहे?” बाईंनी मावशीला विचारलं.

“गेल्या थंडीपासून,” उत्तर काकांनी दिलं. तेही नेमकं. त्यांना तारीखसुद्धा माहीत होती.

“मग आधी का नाही आणलंत? सुरुवातीला नुसत्या किरणोपचारांनी भागलं असतं. आवाज राहिला असता. आता स्वरयंत्र काढावं लागेल.”

“नाही, म्हणजे मला वाटलं, ट्यूब…”

“कसली ट्यूब?”

आणि काका सांगायला लागले. तापणारी तार, वरची पट्टी, बनावट छपाई, सगळं. हात हवेत नाचवत, घाम पुसत. त्यांना थांबताच येईना. बाई आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या. मावशी भिंतीवरचं घशाचं चित्र बघत होती.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी काका वॉर्डमध्ये त्यांचा सगळ्यात चांगला माईक घेऊन आले. “थोडंसं बोलून ठेव,” ते म्हणाले. “काहीही बोल. नंतर निदान…”

मावशीनं माईक उलटा करून उशीखाली घातला. “तुमच्याकडे खूप आहे माझं. दर रविवारचं आहे. घरी जा.”

ते दारापर्यंत गेले, परत वळले, मग गेले. त्यानंतर तिनं आईला पलंगावर बसवलं आणि जन्मभर ज्या काही शिव्या गिळल्या होत्या त्या सगळ्या एकेक करून मोकळ्या केल्या. चारच्या गाडीच्या चालकाला, साहेबाला, पंख्याला, धुराला. “इतकी वर्षं ‘प्रवाशांनी कृपया’ म्हटलं,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “आता प्रवाशांनी ऐकाच.” शेजारच्या पलंगावरची बाई पोट धरून हसली. आईही हसली, आणि मग बाहेर व्हरांड्यात जाऊन रडली. त्या शिव्यांत काकांचं नाव एकदाही आलं नाही. मला तेव्हाच जरा भीती वाटली.

आता मावशी मानेच्या तळाशी असलेल्या छिद्रातून श्वास घेते, त्यावर पातळ रुमाल बांधते. बोलायला टॉर्चएवढं एक यंत्र आहे. ते गळ्याला टेकवलं की भुंग्यासारखी घूं होते, आणि तोंडानं शब्द घडवले की त्या घूंचे शब्द होतात. ते तिला मीच शिकवलं. बटण नुसतं दाबलं तर सगळं एका सुरात येतं. पण बोटाचा दाब कमीजास्त केला तर सूर वरखाली होतो, प्रश्न प्रश्नासारखा येतो, रागही येतो. बऱ्याच जणांना ते जमत नाही. मावशीला लवकर जमलं. सगळ्यात पहिल्यांदा तिनं साहेबांची नक्कल करून दाखवली, आणि मी खुर्चीवरून पडायची बाकी होते.

स्थानकात तिला हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसवलंय. लोक आधी दचकतात. “छत्री काळी होती का हो?” ती यंत्रातून विचारते, सूर वर नेत. “सगळ्यांचीच काळी असते. दांडा सांगा.” मग लोक हसतात.

काकांनी ट्यूबा खोक्यात भरून माळ्यावर टाकल्या होत्या. काही महिन्यांनी खोकं खाली आलं. मी एका रविवारी गेले तर अडगळीच्या खोलीचं दार लावलेलं आणि मावशी स्वयंपाकघरात एकटी.

“काका?” मी विचारलं.

तिनं यंत्र गळ्याला लावलं. “आत आहे. माझ्याबरोबर बसलाय.”

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. तिची सगळी रविवारची मुद्रणं त्यांच्याकडे होती. एकेक जोडी बदलून ते ती ऐकत होते. आणि आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. इतक्या वर्षांत मावशीनं माझ्यासमोर काकांचा एकेरी उल्लेख कधी केला नव्हता.

“तू काही म्हणत नाहीस?”

“कोणाला? त्याला ती आवडते.” तिनं सूर खाली नेला आणि शेवटचा शब्द अगदी बारीक चिमटीत पकडल्यासारखा म्हटला. “तिचा घसा चांगला आहे.”

तेवढ्यात दार उघडलं. काका बाहेर आले, आम्हाला बघून गडबडले. “चहा झाला का?” त्यांनी विचारलं.

“होतोय,” मावशी म्हणाली. एका सुरात. सपाट. यंत्र बोलावं तसं.

मी तिच्या बोटाकडे पाहिलं. ते बटणावर दगडासारखं स्थिर होतं.

गेल्या आठवड्यात काका इस्पितळात माझ्या विभागात आले. अंगावर घरचेच कपडे होते. खिशातून त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं यंत्र काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं.

“जरा तपासून दे. मी याची माहिती वाचली. यात सूर वरखाली व्हायला हवा. घरी होत नाही. मी रोज ऐकतोय, एकाच सुरात येतं. बटणाखालची पट्टी झिजली असेल, नाहीतर हा नगच खराब असेल.”

“मावशी काय म्हणाली?”

“तिला कशाला सांगू? ती आंघोळीला गेली होती, मी उचलून आणलं. चटकन होईल म्हणून.” ते पुढे वाकले. “अगं, मला कळत नाही ती रागावलीय की नाही. मी माफी मागितली. ती म्हणाली, ‘ठीक आहे.’ पण ते असं आलं, एकाच सुरात. ठीक आहे. यातून काय समजायचं माणसानं? सूर लागला तर मला कळेल. मला लगेच कळेल.”

मी यंत्र उघडलं. पट्टी साफ होती, दाब नीट उमटत होता. बंद करून मी ते माझ्याच गळ्याला लावलं, श्वास रोखला, आणि बोटाचा दाब आधी हलका, मग जोरात, मग परत हलका करत ओठांनी म्हटलं, “काका, मशीनला काही झालेलं नाही.”

सूर चढला, उतरला, शेवटी मऊ होऊन थांबला.

काकांनी तो ऐकला. तेवढे कान त्यांना होतेच. बाजूच्या बाकावर कोणाचा तरी रक्तदाबाचा पट्टा फुगून फुस्स करून रिकामा झाला. मग त्यांनी तोंड उघडलं, मला वाटलं आता काही विचारतील. दुसऱ्या कंपनीचं मिळतं का, असंच काहीसं. पण त्यांनी विचारलं नाही. फडकं उचलून ते यंत्र गुंडाळायला लागले आणि त्यांना घडीच जमेना.

मी ते त्यांच्या हातातून घेतलं, गुंडाळलं आणि परत दिलं.

“लवकर न्या,” मी म्हणाले. “मघापासून ती घरात मुकी बसलीय.”